तेयोचा उजवा हात

ज्याच्याशी जन्मात हात मिळवायचा नाही असं तुम्ही चारचौघांत सांगून बसलाय, त्याच माणसाबरोबर अख्खी सकाळ गोल्फ खेळायची वेळ तुमच्यावर कधी आलीय का? आली नसेल तर "जाऊ द्या हो, झालं गेलं" हे मला शिकवायला येऊ नका. तेयोवर ती वेळ आली होती, आणि मी तिथे होते.

एलेउतेरियो ब्राकामोंते हे त्याचं पूर्ण नाव. ते फक्त पाद्री आणि पोलीस घेतात, बाकी सगळ्यांना तो तेयो. वर डोंगरात, आमच्या तांब्याच्या खाणीत, तो विजेचं फावडं चालवायचा. दुमजली घराएवढं ते धूड तो फिरवायचा, बाई कालवण ढवळते तसं. त्याचा जोडीदार वर्लिन प्रूइट. तेलपाणी बघायचा, तेयोच्या डब्यातल्या मक्याच्या तोर्तिया खायचा.

मग संप झाला. संपाचा भटारखाना माझ्याकडे होता. वर्लिन आमच्यासोबत गेटवर उभा राहिला, माझ्या हातचे राजमे खाल्ले, घोषणा दिल्या. आणि एका सकाळी शिट्टी वाजवत त्याच गेटातून आत गेला. दुपारी तो तेयोच्या फावड्यावर बसलेला रस्त्यावरून दिसत होता. संप बुडाला. युनियन बुडाली. कंपनीच्या खोल्यांमधून आमच्या गाद्या रस्त्यावर आल्या. त्या संध्याकाळी तेयोनं माझ्या नवऱ्याचा, चेमाचा, हात धरून सगळ्यांदेखत शब्द दिला: या गेटातून जो आत गेला त्याच्या हातात माझा हा हात जाणार नाही.

त्याला चाळीस वर्षं झाली. तेवढ्या काळात गावात काय काय विकलं गेलं ते सांगत बसत नाही. तेयोचा शब्द तेवढा शिल्लक राहिला.

आता गोल्फ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहिला असेल. साहेब होताच. कंपनीच्या क्लबात आमच्या मेक्सिकन पोरांना साहेबांच्या बॅगा उचलायला मुभा होती, चेंडू मारायला नाही. मग पोरांनी खाणीच्या राडारोड्यावर स्वतःचं मैदान केलं. भोकांत टमाट्याचे रिकामे डबे पुरले, भोवतीच्या वाळूवर गाडीचं जळकं तेल ओतून ती बसवली. तेयो तिथे शिकला. म्हणून त्याचा फटका बघणाऱ्याला हसू येतं, आणि चेंडू कुठे गेला ते बघितल्यावर हसू थांबतं.

दर फेब्रुवारीत आमच्याकडे बर्फ असतं तेव्हा तेयो धरून चौघं मित्र खाली वाळवंटात जायचे. नगरपालिकेच्या सार्वजनिक मैदानावर खेळायचं, स्वस्तातल्या मोटेलात घोरायचं, परत यायचं. चौघांतले दोघे वारले, एक अंथरुणाला खिळला. वारलेल्यांत माझा चेमा. त्याची बॅग मी उचलली. मी खेळते म्हणजे जमीन उकरते, पण जाते.

या वर्षी गाडीत तेयो खोकत होता. खाणीची धूळ त्याच्या छातीतून काही निघालेली नाही.

"वहिनी, ही शेवटची खेप," तो म्हणाला.

"दरवर्षी म्हणतोस."

"दरवर्षी डॉक्टर म्हणत नव्हता."

मैदानाच्या खिडकीत पाळ्या लावणारा पोरगा च्युइंगगम चघळत होता. सार्वजनिक मैदानाची रीत अशी की तुम्ही कमी असाल तर एकटादुकटा आलेला माणूस तुमच्यात घालतात, आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

"दोघंच? तिसरा देतो तुम्हाला. चांगला माणूस आहे."

चांगला माणूस पांढरे बूट घालून आला. केस गेलेले, पोट आलेलं, पण शिट्टी तीच.

"तेयो?" वर्लिन म्हणाला. "अरे देवा. ओफेलिया, तूसुद्धा? अजून मोर्चे काढतेस?"

"अजून शिट्टी वाजवतोस?" मी म्हटलं, आणि चेमाची बॅग उचलली. "चल तेयो. घरी."

"का?"

"का म्हणजे? डोळे फुटले का तुझे?"

तेयोनं हातमोजा चढवला. "हे मैदान गावाचं आहे, वहिनी. इथं तिकीट काढलं की कुणाला उठवता येत नाही. ना त्याला, ना मला. तो एकदा माझ्या जागेवर बसलाय. आता ही जागासुद्धा मीच सोडून देऊ?"

मी बॅग पुन्हा खांद्याला लावली आणि वाळूत थुंकले.

त्या मैदानाची मला नेहमीच शिसारी येते. आमच्या नळाला तांब्याची चव, आणि इथं वाळवंटाला आंघोळ. हिवाळ्यात गवत पिवळं दिसू नये म्हणून त्याला रंग फवारतात. पाणी गटाराचं, गाळलेलं. पहाटे फवारे उडाले की अत्तर मारलेल्या संडासासारखा वास येतो. दीडदीडशे वर्षांच्या सग्वारो निवडुंगांच्या अंगात चेंडू रुतून बसलेत, कारण सहलीला आलेले बाप्ये पैज लावून त्यांच्यावर नेम धरतात. त्यांच्याच आडोशाला मुततात. आणि मग म्हणतात, काय हो निसर्ग.

वर्लिन बोलत होता. बायको गेली, गुडघा बदलला, देव भेटला. तेयो त्याच्याशी खेळापुरतंच बोलायचा. "तुझी पाळी." "झेंडा काढू?" वर्लिन मारायला उभा राहिला की तेयो आपला खोकला तोंडात दाबून धरायचा, कारण दुसऱ्याच्या फटक्याच्या वेळी आवाज करायचा नसतो. त्या संपफोड्यासाठी त्यानं छाती फुटेस्तोवर खोकला दाबला.

पाचव्या होलवर वर्लिननं काढलंच. "तेयो, मला दुसरं काही नको. शेवटच्या होलवर टोप्या काढून सगळे हात मिळवतात, तसा मिळव. तेवढंच. मग मी सुखानं मरेन."

"तुझ्या सुखाचं आम्हाला काय?" मी म्हटलं.

"मी त्याला विचारतोय."

"तुझी पाळी," तेयो म्हणाला.

तेव्हापासून उरलेल्या प्रत्येक होलवर मी तेयोच्या उजव्या हाताकडे बघत होते. फटका मारला की तो त्या हातानं काठीवर टेकून दम खात होता. दमलेला, आजारी माणूस कुठल्याही गोष्टीला हो म्हणतो, हे मी मोर्च्यांमध्ये पाहिलंय. सरकारलाही ते ठाऊक असतं.

सोळाव्या होलवर वर्लिनचा चेंडू गवत सोडून काटेरी रानात गेला. इथला नियम साधा आहे. रानातला चेंडू सोडून द्यायचा, कडेला दुसरा ठेवायचा, एक फटका दंड घ्यायचा. पण याला तो एक फटका द्यायचा नव्हता. "दिसतोय मला," म्हणत आत शिरला. मी वाकून बघितलं तर बुटानं चेंडू बाहेर ढकलत होता. ज्या माणसानं गेट ओलांडलं तो रेघ काय पाळणार?

मग तो ओरडला.

आत चोया होतं. हे निवडुंग नुसतं घासून गेलात तरी त्याचा काटेरी गोळा तुटून तुमच्या अंगात रुततो. उजव्या हाताला लागलेला गोळा वर्लिननं डाव्या हातानं ओढायला घेतला. डोंगरातली माणसं ही चूक हमखास करतात. आता त्याचे दोन्ही हात एकमेकांना शिवल्यासारखे. प्रार्थना करत असल्यासारखा तो बाहेर आला, नाकातून पाणी गळत होतं.

"छान दिसतंय," मी म्हटलं. "राहू दे तसाच."

तेयोनं मागच्या खिशातून कंगवा काढला. डोक्यावर एक केस नाही, पण वाळवंटात येताना कंगवा असतोच त्याच्याजवळ, याचसाठी.

"तेयो, तू याला हात लावणार?"

"हलू नकोस," तो मला नाही, वर्लिनला म्हणाला. गोळ्याखाली कंगवा सारून त्यानं एका झटक्यात तो उडवला. मग चष्मा कपाळावर चढवून एकेक काटा खिशातल्या चिमट्यानं उपटत बसला. त्याच्या बोटांना त्या माणसाचं रक्त लागलं. मागून आलेले खेळाडू खोळंबले, एकानं शिवी दिली.

वर्लिन रडत होता. "तू बदलला नाहीस, तेयो. मला माहीत होतं."

तेयोनं चिमटा पुसला. "फटके किती झाले तुझे?"

"चार."

"पाच. दंडाचा धरून."

अठराव्याला शेवटचा चेंडू भोकात पडला. समोरच्या व्हरांड्यात बियर घेऊन बसलेली मंडळी बघत होती. वर्लिननं टोपी काढली, काट्यांनी सुजलेला हात पुढे केला. तेयोनंही टोपी काढली.

"अरे मिळवा की, म्हाताऱ्यांनो," व्हरांड्यातून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला जेवायचंय."

तेयो खाली वाकला. झेंडा उचलून भोकात सरळ उभा केला. सावकाश, उजव्याच हातानं.

"काटे कुणाचेही काढले असते," तो म्हणाला. "हा हात चेमाकडे आहे."

वर्लिनचा हात तसाच हवेत राहिला. व्हरांड्यातल्या एका बाईनं आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच कुणाच्या घरावर नांगर फिरवलाय. "काय ही माणसं," ती म्हणाली. त्या बाईला शिट्टी ऐकू आली नव्हती.

गाडीत तेयोच्या अंगठ्यात राहिलेला एक काटा मी काढला.

"तो वर्लिन अंत्यदर्शनाला येईल," तेयो म्हणाला.

"कुणाच्या?"

"माझ्या. आपल्यात पेटी उघडी ठेवतात, लोक मेलेल्याचा हात धरून निरोप घेतात. तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही. तो रांगेत उभा राहील बघ."

मला हे सुचलंच नव्हतं. आता तो रांगेत उभा असलेला डोळ्यांपुढून हलत नाही. पांढरे बूट, ओले डोळे, पुढे केलेला हात.

"मग काय करू?"

"उजव्या हातावर माझी टोपी ठेव. युनियनची. आणि जवळ उभी राहा."

मी राहीन. पण माझंही वय झालंय, आणि तेयोच्या आधी मी गेले तर ते काम मागे राहील. म्हणून हे लिहिलं. टोपी त्यानं मला आणून दिलीय; ती माझ्या स्वयंपाकघरात, दारामागच्या खिळ्याला आहे. दार नुसतं लोटलेलं असतं. तेयो गेल्याचं कळलं आणि मी दिसले नाही, तर तुमच्यापैकी कुणीतरी ती घेऊन जा, त्याच्या हातावर ठेवा, आणि रांग संपेपर्यंत तिथून हलू नका.