ज्याच्यावाचून अडत नाही, तो प्रशिक्षणाला

आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यांत एक नियम आहे, कुठल्याही जीआरमध्ये न सापडणारा: ज्याच्यावाचून काम अडत नाही, त्याला प्रशिक्षणाला पाठवायचं. माझी आई मंद्रूपकडच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. तिच्यावाचून सगळंच अडतं, म्हणून ती वर्षानुवर्षं कुठेच गेली नाही. जायचे ते तिथलेच आरोग्यसेवक अण्णा. निवृत्तीला आलेला, गप्पिष्ट माणूस. हिवतापासाठी रक्ताचे नमुने घ्यायचे, हे त्यांचं काम.

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची, मुखवटा जोडलेली रबरी पिशवी उपकेंद्रात आली, तेव्हा ती चालवायला शिकायलाही अण्णाच सोलापूरला गेले. ते परत आल्यावर आईने विचारलं, "अण्णा, दाखवा बघू, कशी धरायची?"

अण्णांनी पिशवी हॉर्नसारखी दाबून बघितली. "तेवढं सोडून समदं सांगतो, सिस्टर. जेवणाला शेंगापोळी हुती. लई मऊ!"

आई हसली. मला नाही हसू आलं. बाळ निळं पडल्यावर त्याला काय शेंगापोळी भरवायची? मी पत्रक काढलं, 'बाळंतपण करणाऱ्या हातांना प्रशिक्षण द्या!', आणि निवेदन घेऊन तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तुमच्या आईला पाठवलं तर लस कोण टोचणार? तुम्ही?" बदली माणूस द्या म्हटलं, तर त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पुढच्या वेळी त्याच प्रशिक्षणाला पुन्हा अण्णांचंच नाव आलं, तेव्हा आईने स्वतःची रजा टाकली आणि अण्णांबरोबर एसटीत बसली. यादीत नाव नाही म्हणून तिला हॉलच्या दारातच अडवलं.

"माज्या जागी बसू द्या की ओ त्यांना," अण्णा म्हणाले. "मी भाईर चहा पितो."

बसू दिलं. आई दिवसभर बाहुलीवर पिशवी दाबत राहिली. घरी आली ती मनगट चोळत, पण खुशीत.

प्रमाणपत्र अर्थातच अण्णांच्या नावाने आलं. आता साहेब माझं निवेदन हातातही घेत नाहीत. "तुमच्या केंद्रात प्रशिक्षित कर्मचारी आहे. मागणी कसली करताय?"

अशी बाळं रोज जन्मत नाहीत, हात विसरतो. म्हणून उजळणी असते. गेल्या आठवड्यात त्या उजळणीचा आदेश आला. उजळणी कुणाची, तर जो शिकलाय त्याची. म्हणजे अण्णांची.

"चला की, सिस्टर, मागच्यावानी."

"मंगळवार आहे, अण्णा. बाया लेकरं घेऊन लसीला येणार. या वेळी तुम्हीच नीट बघून या आणि मला सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

मी मध्येच म्हटलं, "एक दिवस कुलूप लाव केंद्राला. कळू दे त्यांना!"

आई माझ्यावरच भडकली. "आणि दारात आलेल्या लेकरांना काय टोचू? तुझं पत्रक?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबांनी द्यायला हवं. पण त्यांना कुणी विचारत नाही, विचारलं जातं मला. मंगळवारी अण्णा एकटेच सोलापूरला गेले.