कूलरसमोरची जागा

डोंगराला वणवा लागला की आमचा तळ देवगाव रंगारीच्या पुढे, एका बंद पडलेल्या शाळेत असतो. मी वनपाल. मजूर वर आग विझवतात आणि मी खाली वायरलेस, नकाशा, पाण्याचे टँकर सांभाळते. तिथल्या खोलीला कूलर मी भांडून मिळवला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी ब्र काढलेला मला खपत नसे.

पाळी संपवून माणसं काळवंडून खाली आली की मी त्यांना कूलरसमोर बसवायची. ओल्या वाळ्यातून हवा गाळून येते, असं माझं ठाम मत. एकटे मामा बसत नसत. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने वनमजूर, धनगराच्या घरातले. त्यांचा खोकला वाढला होता. असाच राहिला तर डोंगर कायमचा सोडावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी हा माणूस बाहेर, मागच्या भिंतीला टेकून उन्हात बसे.

एकदा मी चिडलेच. "मामा, आत गार हवा सोडून इथं उन्हात कशाला बसता?"

"आत जास्त धूर हाय, मॅडम. तुमचा कूलर डोंगराकडच्या खिडकीत हाय. तिकडचा धूर वढतो अन् आमच्या तोंडावर सोडतो. गार लागतो म्हणून कळत नाय."

मी तणतणत आत गेले. नकाशावर राखेचा बारीक थर होता. तो मी रोज पुसत होते, कुठून येतो ते कधी विचारलंच नव्हतं. मला भयंकर लाज वाटली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हवा शुद्ध करायचं यंत्र वरच्या कार्यालयातून कधीच आलं होतं. कूलर असताना हे कशाला, म्हणून मी खोकंसुद्धा फोडलं नव्हतं. त्याच दुपारी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या आणि यंत्र सुरू केलं. व्हरांड्यातली चहाची चूल लांब हलवली. धुराचे कपडे बाहेरच्या तारेवर. दोन दिवस सगळे उकाड्यानं कुरकुरले, मग गप्प झाले. मामा आत येऊन आडवे झाले. मी वायरलेसचा आवाज कमी केला आणि कान देऊन बसले. बराच वेळ खोकला आला नाही.

यंदाही मामा डोंगरावर आहेत. खाली उतरले की आधी मलाच दटावतात, "मॅडम, दार लावा."

मी मुकाट्यानं उठून लावते.