सीमेवरचा करंज्यांचा डबा

निपाणी सोडताना मी दर वेळी बॅगा वजनकाट्यावर लावतो. या दिवाळीआधीही आदल्या संध्याकाळी लावल्या. तीन माणसं, चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोच्या आत. मसाल्यांमध्ये आईने खसखशीची पुडी सरकवली होती, ती काढून मी तिच्या हातात दिली. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून आखातात ती अमली पदार्थांत मोडते, हे मी तिला एकोणीस वर्षांत निदान दहा वेळा सांगितलं असेल.

"शंभर ग्रॅमच्या पुडीसाठी तुला आत टाकतील व्हय?"

"टाकतात, आई."

"कसला देश निवडलास रं," म्हणत ती पुडी घेऊन आत गेली. करंज्या मात्र ती निघायच्या सकाळीच तळते, ताज्या राहाव्यात म्हणून. गरम डब्याला चिकटपट्टी लावून तिने तो माझ्या बायकोच्या, सुजाताच्या मांडीवर ठेवला आणि आमची गाडी सुटली.

त्या करंज्या माझ्या बहिणीसाठी होत्या. मी बहरीनला तुबलीत राहतो, एका वर्कशॉपचे हिशेब बघतो. वैशाली कतारला, दोह्यात. आमच्यामधला समुद्र जेमतेम चाळीस किलोमीटर, पण गाडीने जायचं तर सौदीतून वळसा घालून सव्वाचारशे. मध्ये शेजारी देशांच्या भांडणात साडेतीन वर्षं कतारची सीमा बंद होती. चार भाऊबीजा फोनवर झाल्या. विमानं पुन्हा सुरू झाली तरी एकदा त्या रस्त्याने स्वतः गाडी नेऊन बघायचं मनात होतं. सौदीचे व्हिसा काढले, गाडीचा विमा काढला, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला बहरीन आणि सौदीला जोडणाऱ्या समुद्रातल्या पुलावर लागलो.

इथल्या सीमांबद्दल मला पहिल्यापासून कुतूहल आहे. हवार बेटं कतारच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण मालकी बहरीनची. त्यावरून दोन्ही देश पिढ्यान्‌पिढ्या भांडले, शेवटी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. निपाणीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांचा जन्माचा दाखला मुंबई राज्याचा, शाळेचा म्हैसूर राज्याचा, पेन्शन कर्नाटकाची. घर एकच. "आपण हललो नाही, रेघ हलली," ते म्हणायचे, आणि कुठल्याही सरकारी खिडकीसमोर त्यांचा आवाज खाली जायचा. तो आवाज माझ्यातही उतरलाय. गणवेश दिसला की मी सगळे कागद पुन्हा मोजतो.

पुलाच्या मध्यावर समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर तपासणी असते. पासपोर्ट पाहून झाले. पुढे सौदी कस्टम्सची रांग, आमच्यापुढे सात गाड्या, मागे वळायला जागा नाही. तेवढ्यात आईचा फोन आला.

"करंज्या फुटल्या न्हाईत न्हवं? वैशीला सांग, औंदा सारणात खसखस भाजून घातलीया. तू पुडी काढलीस, म्हटलं वाया कशाला घालवायची."

फोन स्पीकरवर होता. सुजातानेच "नंतर करतो आई" म्हणून फोन ठेवला.

मुहर्रकच्या विमानतळावर कामाला असलेला माझा एक मित्र खसखशीपायी अडकलेल्यांच्या गोष्टी सांगतो. प्रत्येक गोष्टीत तो माणूस म्हणतो, मला माहीत नव्हतं. मलाही पाच मिनिटांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं, बहरीनच्या विमानतळातून हाच डबा मी बिनघोर बाहेर आणला होता. आता माहीत होतं.

"आपणच सांगून टाकू," मी म्हणालो.

"आणि मग? तुम्हाला आत नेलं तर मी इराला घेऊन या पुलावर उभी राहू? गाडी तरी येते का मला चालवता?"

"समुद्रात..."

"अहो, वर कॅमेरे बघा."

मागून इरा म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम." ती चौदा वर्षांची आहे, तिचा जन्म इथलाच. तिला गणवेशाची भीती वाटत नाही, कारण मी ती तिला कधी दिसू दिली नव्हती. त्या दिवशी तिने माझे हात पाहिले आणि ती सुजाताच्या सीटमागे सरकून बसली.

अधिकारी तरुण होता. डिकी उघडायला लावली. चकली, शेव, चिवडा, मग तो डबा. चिकटपट्टी त्याने स्वतः काढली.

"व्हॉट इज?"

"स्वीट. माय मदर मेक." इंग्रजी मला बरं येतं, पण तेव्हा एवढंच आलं.

त्याने एक करंजी उचलली, उलटीपालटी केली, वास घेतला. मी हातातले कागद पुन्हा मोजले. करंजी जागेवर ठेवून त्याने हात झटकले. "खलास. यल्ला." झालं, निघा.

सौदीतल्या पहिल्या पेट्रोल पंपावर मी चोवीस करंज्या कचऱ्यात टाकल्या. सुजाताने डबा तीनदा पुसला, तरी झाकणाच्या खाचेत दोन दाणे दिसले, मग डबाही टाकला. पुढे सल्वाला कतारची सीमा होती. गाडीत आता काही नाही हे पक्कं माहीत असूनही तीनशे किलोमीटर मी सीटच्या फटींत बोटं घालत गाडी चालवली.

वैशालीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ओवाळून झाल्यावर आईचा व्हिडिओ कॉल आला, तो तिनेच घेतला. "करंज्या झकास झाल्यात, आई. खसखस अगदी बेताची." आईचा चेहरा एवढा खुलला की मी दुसरीकडे पाहिलं. ओवाळणीच्या ताटात बेकरीची नानकटाई होती.

बहरीनला परतून आता आठवडा झाला. निपाणीतल्या तुम्हा मंडळींसाठी हे लिहितोय, आणि माझ्यासारखे डबे घेऊन सीमा ओलांडणाऱ्यांसाठीही. आईला कुणी वाचून दाखवलं तर दाखवू द्या. तिने पुडी वाया जाऊ दिली नाही एवढंच केलं, आणि शाबासकी मिळाली म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट घालेल.

घर कुठलं विचारलं की मी अजून निपाणीच सांगतो. तिथे मी आजवर कधी कुठला डबा उघडून पाहिला नाही, आईने दिला आणि घेतला. पुढच्या दिवाळीत निघायच्या सकाळी मात्र मी तिच्या समोर बसून डबा उघडणार आहे आणि एक करंजी मोडून बघणार आहे.