बेनजी हसतात

आमच्या संस्थेची धार जिल्ह्यात प्रौढ साक्षरतेची सव्वीस केंद्रं होती. मुख्य कार्यालय देवासला. मी मूळची देवासचीच, पण नोकरीसाठी धारला राहून या केंद्रांवर देखरेख करायची. त्या वर्षी देवासहून अभिप्रायाचे फॉर्म आले. शिकणाऱ्यांना वर्ग कसा वाटतो, ते त्यांनाच विचारायचं होतं. वाचता येत नाही म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे तीन चेहरे छापलेले: हसरा, मख्ख आणि रडका. शिक्षिकेनं प्रश्न वाचायचा, शिकणाऱ्यानं चेहऱ्यावर अंगठा उमटवायचा.

सगळीकडून हसरे चेहरे आले. फक्त नालछ्याजवळच्या एका भिल्ल वस्तीतल्या गठ्ठ्यावर हिंदीत चिठ्ठी टाचलेली होती. 'हे सगळं खोटं आहे. मी समोर उभी असताना माझ्याबद्दल वाईट कोण सांगेल? कुणीतरी या, मला बाहेर बसवा आणि मग विचारा.' खाली सही होती, अल्पना खटावकर.

अल्पनाताई चोपन्न वर्षांच्या. घराणं शिंप्यांचं, धारच्या पवार राजांच्या दरबाराबरोबर साताऱ्याकडून धारला आलेलं. त्याही घरी ब्लाउज शिवायच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मुलगी गुंजन इंदूरला नोकरीला होती. आठवड्यातून तीन दुपारी त्या बसने नालछ्याला जायच्या आणि तिथून दोन किलोमीटर चालत वस्तीवर. वर्गाला नऊ बायका यायच्या. बायका त्यांना बेनजी म्हणायच्या.

मी गेले. त्यांना बाहेर बाभळीखाली बसवलं आणि आत बायकांना विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग रुमलीबाईनं पदर सावरला. पस्तिशीची असेल. तिची भाषा भिली आणि हिंदीची मिसळ. मी इथे मराठीत सांगते.

"बेनजी चांगल्या आहेत. ऊन असलं तरी येतात. पण मी चुकले की हसतात."

"रागावतात का?"

"नाही. रागावल्या तर चाललं असतं. हसतात. मग बाकीच्याही हसतात. घरी गेल्यावर भाकरी थापताना मला तेच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी यावंसं वाटत नाही."

मग बाकीच्याही बोलायला लागल्या. पुस्तकात ऋषी आहे, ऐनक म्हणजे चष्मा आहे, ते आमच्या काय कामाचं? पोरांचं लस टोचल्याचं कार्ड वाचायचंय. बसची पाटी वाचायचीय. एकजण म्हणाली, सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका.

परतताना बसमध्ये अल्पनाताई म्हणाल्या, "सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितलं.  धार यायला लागलं तेव्हा त्या हसण्याबद्दल बोलल्या.

"मी हिंदी शाळेत शिकले. घरी बाबा चातुर्मासात मराठी पोथी वाचायला बसवायचे. मी अडखळले की हसायचे. मायेनंच हसायचे ग. पण मी आजतागायत मराठी पुस्तक हातात धरलेलं नाही. आणि मी तेच करतेय, मला कळलंही नाही."

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वर्ग बदलला. बायका दोघी दोघी बसून आधी एकमेकींना वाचून दाखवायच्या. लसीकरणाची कार्डं, शिधापत्रिका, औषधांच्या पट्ट्या असं सगळं त्या घरून आणायला सांगायच्या. वर्ग सुटताना विचारायच्या, "आज कुठे अडलं? माझं काय चुकलं?" पहिल्यांदा बायका लाजल्या. मग सांगायला लागल्या: बेनजी, फळ्यावर अक्षर बारीक काढता. बेनजी, आज घाई केली. चार महिन्यांत नवाच्या सोळा झाल्या. रुमलीनं एक दिवस आपल्या धाकटीचं कार्ड वाचलं आणि एक लस राहिलीय हे तिचं तिला कळलं. नर्सबाईकडे ती स्वतःच्या पायांनी गेली.

मी या सगळ्याचा अहवाल लिहिला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. तक्रार काय होती, ती शिक्षिकेनं कशी ऐकली, काय बदललं, हे सगळं सात पानांत मांडलं आणि देवासला पाठवलं.

दोन महिन्यांनी उमाशंकरजींनी बोलावलं. कार्यक्रमाचे प्रमुख तेच. त्यांच्या पुढ्यात एक तक्ता होता. सव्वीस केंद्रं, आणि पुढे एकच रकाना: तक्रारी. पंचवीस ठिकाणी शून्य. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'शिक्षिका विद्यार्थिनींना हसते. पुस्तक शिकवत नाही.'

"सर, ती सुरुवातीची गोष्ट आहे. नंतर त्यांनी..."

"ऋजुता, सात पन्ने कौन पढ़ेगा?" ते वैतागून नाही, थकून बोलले. "वरून दोन केंद्रं कमी करायला सांगितलंय. एक गंधवानीचं, तिथे बाईच सोडून गेली. दुसरं कोणतं बंद करू? जिथे तक्रार नाही ते?"

मी आणखी थोडं बोलले. पुरेसं बोलले नाही. नोकरी मला हवी होती.

अल्पनाताईंना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्या ब्लाउजची काजं करत होत्या. ऐकून त्यांनी सुई कापडाला टोचून ठेवली.

"म्हणजे बाकीच्यांनी खोटं लिहिलं, ते राहिले," त्या म्हणाल्या. मग, "रुमलीला कारण सांगू नकोस. एवढं कर."

पण मी जायच्या आधीच देवासचा माणूस वस्तीवर फळा आणि चटया न्यायला गेला होता. बायकांनी विचारलं, वर्ग का बंद? तो म्हणाला, "तुम्हीच तर तक्रार केली होती."

चार दिवसांनी रुमली एकटी धारला आली. पत्ता विचारत विचारत अल्पनाताईंच्या दारात पोचली. मीही तिथेच होते. ती आत येईना. उंबऱ्याबाहेर उभी राहून रडायला लागली.

"बेनजी, तुम्ही विचारलंत म्हणून मी बोलले. मला माहीत असतं तर तोंड उघडलं नसतं."

"तू खरं बोललीस. त्यानं माझं भलंच झालं."

"काय भलं झालं?" रुमलीनं विचारलं.  अल्पनाताईंनी तिचा हात धरून तिला आत घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "बाजाराला आलीस की इथे येत जा. मी शिकवेन. आपलं आपण."

रुमली दोनदा आली. तिसऱ्यांदा आली नाही. दिवाळी झाली तशी ती नवऱ्याबरोबर मजुरीला गुजरातेत गेली. अल्पनाताईंनी पुढे दुसऱ्या एका केंद्रावर शिकवायला अर्ज केला होता. त्यांच्या नावापुढे शेरा होता, म्हणून अर्ज परत आला. मी त्यांना तो शेरा दाखवला नाही. त्यांनी विचारलंही नाही. आता त्या फक्त शिवतात, आणि गुंजन म्हणते, आई फार कमी बोलते.

मी अजून तीच नोकरी करते. मागच्या महिन्यात कामासाठी नालछ्याला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून वस्तीवर गेले. रुमलीच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारी तिची जाऊ धान्य पाखडत होती. तीही वर्गाला यायची. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, वर्ग पुन्हा सुरू करायचा म्हटलं तर कसा हवा? मागच्या वेळी काय चुकलं होतं?

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काही चुकलं नव्हतं. सगळं चांगलं होतं." आणि सूप उचलून घरात गेली.