शिरीषरावांची गरम पाण्याची टाकी

आमचे जावई शिरीषराव ड्रेस्डेनजवळच्या एका लहान गावाच्या वीजकेंद्रात इंजिनीअर आहेत. केंद्र गॅसवर चालते. वीज तयार होताना तापलेले पाणी नळांतून घरोघर जाते आणि हीटर गरम ठेवते, म्हणून थंडीत केंद्र बंद ठेवता येत नाही. गावाबाहेर टेकडीवर पवनचक्क्या आहेत. वारा फार सुटला की तारांना एवढी वीज झेपत नाही. मग पवनचक्क्या थांबवतात आणि इकडे गॅस जळतच राहतो. मी त्यांच्याकडेच राहतो; जेवताना खिडकीतून ती थांबलेली पाती दिसली की शिरीषरावांचे जेवणातले लक्ष उडते. मला त्यातले फारसे कळत नाही. त्यांची चिडचिड मात्र कळते.

त्यांनी उपाय काढला होता. केंद्रात मोठी टाकी बांधायची, वाऱ्याच्या जादा विजेवर तिच्यात पाणी तापवायचे, आणि ते पुरेल तोवर गॅस बंद. वारा पडला की पुन्हा गॅस. दोन वर्षे ते यावर खपले. २०१६च्या ऑक्टोबरात बैठक झाली. त्यांचे साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) क्रामर, म्हणाले, "यंदा टाकी नको, धुराडं दुरुस्त करू. कुणाची हरकत?" शिरीषराव काही बोलले नाहीत.

"गप्प का बसलास?" उल्काने, माझ्या मुलीने, घरी विचारले.

"चारचौघांत साहेबांना कसं खोडून काढायचं? उद्या केबिनमध्ये जाऊन बोलतो."

"हे काय पुण्यातलं ऑफिस आहे?"

दुसऱ्या दिवशी साहेब चकितच झाले. "टाकी तुमची, आणि बैठकीत तुम्हीच गप्प! मला वाटलं, तुम्हालाही पटलं. आल्झो, तर मग, आता ठरलं ते ठरलं."

जानेवारीत वादळी वारा सुटला आणि पवनचक्क्या थांबल्या. शिरीषरावांना सुट्टी होती. बराच वेळ ते खिडकीशी उभे राहिले, मग घरातले सगळे हीटर बंद करून आले.

"अरे, बाबा आहेत घरात!" उल्का ओरडली. "आपल्या तीन खोल्यांनी तुझं केंद्र बंद पडणार आहे का?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! नाही पडणार. म्हणूनच डोकं फिरतं."

मी भीत भीत विचारले, "अहो शिरीषराव, पुढची बैठक कधी?"

"मार्चमध्ये. या वेळी सगळ्यांसमोर बोलेन, बाबा. पण पैसे धुराड्याला गेले. आता आणखी दोन वर्षं तरी टाकी नाही."

उल्का हीटर लावायला निघाली. मी म्हटले, "राहू दे गं थोडा वेळ. माझा स्वेटर तेवढा दे."