कांबळे बाईंची निळी रेषा

कांबळे बाई गेल्याचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी हडपसरच्या सिग्नलला उभा होतो. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले आणि मला गिअर सापडेना. झोपेतच गेल्या, असं लिहिलं होतं. त्याच्या वरचा निरोप बाईंचाच होता, आदल्या संध्याकाळचा: ‘टाकीचं झाकण पुन्हा उघडं आहे. बेडूक पाळायचे असतील तर सभेत ठराव करा.’

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्तीनंतर नदीकाठच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आल्या, एकट्याच. मी तिथला सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरचा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याचे आकडे ग्रुपवर आले की आम्ही हात जोडल्याची चित्रं टाकायचो. बाई समजावून सांगायच्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, मोठ्या दोन बादल्या समजा. आता हजारो क्युसेकचा हिशेब तुम्हीच करा. पूरमैदान म्हणजे नदीचीच जागा, रोज वापरत नाही इतकंच. एकदा पूररेषांचा नकाशा बघून मी फुशारकीने सांगितलं, की आपण काही लाल रेषेवर नाही, निळीवर आहोत. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो सेक्रेटरी, लाल म्हणजे धोका हे चौकातलं शास्त्र. नकाशात निळी रेषा नदीला जवळची, लाल तिच्या पलीकडची. आपण आधी बुडणाऱ्यांत आहोत.”

आणि बुडालोच. त्या जुलैत विसर्गाचा आकडा वाढताना पाहून बाईंनी दुपारीच पुस्तकं, सिलिंडर आणि बुद्धाची छोटी मूर्ती माझ्या घरी आणून ठेवली. पहाटे तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. नंतर चिखल उपसताना कुणीतरी म्हणालं, हा शंभर वर्षांतून एकदाचा पूर, आता आपण सुटलो. बाई खराटा थांबवून म्हणाल्या, फाशाच्या खेळात एकदा सहा पडले म्हणून पुढच्या डावाला पडत नाहीत का? शंभरातला एक म्हणजे दर वर्षी तेवढीच शक्यता, नव्याने. मग त्यांनी निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर, पाणी जिथवर चढलं होतं तिथे, एक आडवी रेषा ओढली. खाली लिहिलं: ‘इथवर पाणी आलं होतं.’ नव्याने येणाऱ्याला विचारावं लागू नये, म्हणून.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहितो. माझ्या धाकट्या भावाचा तळमजल्यावरचा फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाइकं फाटकातून आत येत, ती रेषा वाचत आणि चहासुद्धा न घेता जात. दिवाळीच्या रंगकामात मी रंगाऱ्याला भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरी करायला सांगितलं. महिन्याभरात नागपूरकडचं एक जोडपं आलं, दोघंही आयटीतले, कडेवर लहान मुलगी. त्यांना घर आवडलं. व्यवहार झाला त्या दिवशी बाईंनी मला जिन्यात गाठलं. “त्यांना पाण्याचं सांगितलंत ना?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं... शाळेतल्या मुलाकडे पाहावं तसं. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

गेल्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आलं, गुडघ्याइतकं. ते जोडपं आदल्या संध्याकाळीच गाद्या वर चढवून, मुलीला घेऊन माझ्या दारात उभं होतं. मी मनात म्हटलं, हुशार आहेत पोरं. त्यापुढे विचार केला नाही, करायचाच नव्हता.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ती मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. आई मला म्हणाली, “काका, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आम्ही सामान लावत होतो त्याच दिवशी बाई आल्या. म्हणाल्या, सेक्रेटरींनी खास सांगायला पाठवलंय, इथे पाणी येतं, आकडा वाढला की वर त्यांच्याकडे जायचं.”

सेक्रेटरींनी पाठवलंय... म्हणजे बाईंना सगळं माहीत होतं. माझं खोटं त्यांनी माझ्याच नावाने खरं करून टाकलं होतं, आणि त्यानंतर रोज जिन्यात भेटूनही मला कळू दिलं नव्हतं.

हे छापायला देण्याआधी मी त्या दोघांना घरी जाऊन सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, “घर घेण्याआधी कळायला हवं होतं, काका.” निघताना त्यांच्या दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. बाईंच्या हातची निळी रेषा तिथे होती, आणि तिच्या खाली पेन्सिलने केलेल्या मुलीच्या उंचीच्या खुणा.

बाईंच्या भाच्याने घर आवरताना मला तो ऑइलपेंटचा डबा दिला. वर साय धरली होती, खाली रंग ओला होता. रविवारी सकाळी फाटकाशेजारच्या भिंतीवर, जुन्या जागी, मी रेषा ओढली. ती मुलगी येऊन बघत उभी राहिली, मग भिंतीला पाठ लावून ताठ झाली आणि मला म्हणाली, माझी उंची मोजा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रेषा अजून वर होती.