कोटाचे खांदे

पॅरिसला जायचं ठरलं त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं होतं, की पहिल्या मीटिंगला तो कोट घालायचा. खराडीतल्या आमच्या ऑफिसातून मी तिथल्या क्लायंटशी आजवर फक्त फोनवर बोलले होते, तेही जेमतेम. कॅमेरा बंद, माइक बंद. मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. आता त्यांच्यासमोर बसायचं होतं, आणि नेहमीच्या राखाडी कुर्त्यात मी तिथेही कुणाला दिसणार नव्हते.

कोट गडद निळा, लोकरीचा, पॅरिसच्याच एका नावाजलेल्या डिझायनरचा, माझ्या जन्माच्या आधीचा. कॅम्पातल्या एका बाईंनी घर आवरताना विकायला काढला होता. मी ऑनलाइन पाहिला आणि जाऊन घेऊन आले. त्याची सगळी ऐट खांद्यांत होती. रुंद, ताठ, टोकाशी किंचित उचललेले. तो अंगात असला की मला पोक काढून उभं राहताच यायचं नाही.

आईने कोट दोन बोटांनी उचलून पाहिला. “कुणाच्या तरी अंगावरून उतरलेला घालणार तू? अगं, आपण बोहारणीला जुने कपडे देतो आणि भांडी घेतो. तू तर पैसे देऊन जुने कपडे घेऊन आलीस!”

बाबांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “उद्या पहाटे गाळ्यावर ये. पोती उचलायला माणूस कमी आहे. असे खांदे वाया घालवू नयेत.”

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, पण घरात वाद घालायचा म्हटला की मला मराठी शब्द उशिरा सुचतात. तोवर आई स्वयंपाकघरात गेलेली असते.

निघायच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसातून बिबवेवाडीला घरी आले, तर कोट कपाटाच्या दाराला लटकत होता. छान इस्त्री केलेला. आणि खांदे उतरलेले.

“खालच्या टेलरकाकांकडून फिटिंग करून आणलं,” आई म्हणाली. ती खरंच खूश होती. “परदेशात चाललीस, नीट दिसायला नको? हमालासारखी दिसत होतीस. कापू मात्र दिलं नाही हं, माया आत ठेवायला सांगितली. पुढे अंगाने भरलीस तर उसवता येईल.”

“आतले पॅड कुठायत?”

आई स्वयंपाकघरात वळली आणि तिने गॅसवरची कढई उतरवली. तिच्या दोन्ही हातांत माझ्या कोटाचे पॅड होते. जाड, अर्धगोल, कढईच्या कानांना अगदी बरोबर बसणारे.

“बघ ना, फडक्यापेक्षा बरे,” ती म्हणाली. “हात अजिबात भाजत नाही.”

आईवर चिडायचं कसं, मला कळेना. तिने काहीच फेकलं नव्हतं. मी फक्त हात पुढे केला. आधी तिने कढई टेकवली, मग पॅड दिले. एकावर हळदीचा डाग होता, दुसऱ्याला तेल लागलेलं. लोकरीच्या आत भरायची वस्तू, धुतली तर गोळा होईल या भीतीने मी धुतले नाहीत. पुसले, उन्हात ठेवले. पांढऱ्या कापडाची खोळ शिवून त्यात घातले.

मग खांदे उसवून पॅड परत आत शिवायला बसले. मला शिवण येत नाही. व्हिडिओ पाहत, बोटं टोचून घेत तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. डावा खांदा दोनदा उसवला. आई जाता-येता पाहत होती. “टेलरकाकांना सांगितलं असतं तर तासाभरात झालं असतं.” मी मान वर केली नाही. त्यांच्याकडे दिला तर ते पुन्हा मला काय चांगलं दिसतं ते सांगणार, हे मला माहीत होतं.

विमानात कोट अंगातच ठेवला. बॅगेत घातला असता तर खांदे चेपले असते.

पॅरिसच्या ऑफिसात हीटर जोरात होता. सगळ्यांनी आपापले कोट काढून खुर्च्यांना अडकवले. मी काढला नाही. खोली तापत गेली तसा माझ्या खांद्यांतून मोहरी-हिंगाचा मंद वास यायला लागला. मी घाबरून शेजारी पाहिलं. शेजारच्या वयस्क बाई नाक किंचित वर करून काहीतरी शोधत होत्या. कोट काढून दूर ठेवावा, असं क्षणभर वाटलं. पण तेवढ्यात आमच्या कामाचा विषय निघाला, आणि तो पुढे सरकायच्या आत मी बोलायला सुरुवात केली. आवाज कापत होता. खांदे मात्र नाही, ते कापूच शकत नव्हते. मी शेवटपर्यंत बोलले. मध्ये एकाने प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं.

नंतर त्या बाई म्हणाल्या, “तुमचं बोलणं ऐकता ऐकता मला फार भूक लागली. का कोण जाणे.” मी हसले. कारण मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी नदीच्या पुलावर एका मुलीकडून फोटो काढून घेतला आणि आईला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं.

“डावा खांदा खाली आहे. आलीस की देते नीट करून.”

मी लिहिलं, “नको. मीच शिवलाय.”

“दिसतंय.”

दुसऱ्या दिवशीही मी तोच कोट घातला.